बिनशिक्क्याची वाटी

एकतीस वर्षं मी वजनमापांवर शिक्के मारले.
सांगलीच्या मार्केट यार्डात, तासगावला बेदाण्याच्या सौद्यात,
जतच्या बाजारात पोत्यावर मांडलेल्या लोखंडी किलोंवर.
आतून बूड ठोकून वर घेतलेली मापं जप्त केली,
पंचनामे लिहिले.
शेंगा विकणाऱ्या एका बाईची अधोलीसुद्धा सोडली नाही.
"सासऱ्यापासनं हाय, साहेब."
मी म्हणालो, तेव्हापासूनचा दंड मागत नाही, हे नशीब समजा.

आणि आज मिरजेत, इलाही शिकलगारच्या भट्टीपुढे
नानकटाईचे डबे घेऊन रांगेत उभा.
दिवाळी चार दिवसांवर.
पुढच्या बाईंचं झालं: मैदा दोन किलो, तूप किलो, साखर किलो.
इलाहीनं खडूनं पाटीवर लिहिलं.
"तुमचं?"
मी पद्माचा कागद वाचला:
मैदा आठ वाट्या, बेसन दोन, रवा एक,
पिठीसाखर पाच,
तूप मावेल तेवढं.

त्यानं खडू खाली ठेवला.
"वाट्या? मगदूम साहेब, तुमी?"
मागे कुणीतरी हसलं. मी डबे उचलले.

निवृत्तीला खात्यानं दिलेला काटा
रात्री ओट्यावर मांडला.
वाटी पितळेची, काठाला एका बाजूनं पोचा.
पाणी भरलं: एकशे ब्याऐंशी ग्रॅम,
म्हणजे तेवढेच मिलिलिटर. इथवर सगळं कायद्यात.
मग मैदा.
डब्यातून सरळ उपसला: एकशे सात.
चाळून, चमच्यानं अलगद सोडला: ब्याऐंशी.
अंगठ्यानं दाबला: एकशे एकोणतीस.
तीच वाटी, तोच मैदा, तोच मी.
तूप पातळ असताना एकशे चौसष्ट,
थिजलेलं भरलं तर मध्ये हवा धरून बसतं, तेरा ग्रॅम खातं.
पिठीसाखर नुसती ठेवली तरी
आपोआप खाली बसत गेली.

वहीत तक्ता आखला: जिन्नस, ग्रॅम, शेरा.
शेऱ्याचा रकाना पुरेना.

पद्मा पाणी प्यायला उठली.
"काय लावलंय हे रात्रीचं?"
"ह्यातला कुठला मैदा धरू?"
तिनं वाटी घेतली, उपसली,
बूड ओट्यावर दोनदा आपटलं,
आणि तळहाताच्या कडेनं, पोच्याच्या बाजूनं सुरुवात करून,
वरचं निपटलं.
"एवढा."
एकशे अठरा.
पुन्हा भरायला लावली. एकशे अठरा.
तिसऱ्यांदा एकशे सतरा.
"तिसऱ्यांदा तुम्ही टक लावून बघत होता," ती म्हणाली.

"आणि तूप?"
"ते मी येते भट्टीवर. पीठ मुठीत धरल्याशिवाय नाही कळायचं."
दिवा घालवून ती झोपायला गेली.
मी अंधारात बसून राहिलो, समोर काट्याचे हिरवे आकडे.
त्या बाईची अधोली कुठल्या गोदामात गंजली असेल.
तिचं बूड मी उलटं करून, टॉर्च लावून बघितलं होतं.
ती माप भरते कशी, ते बघायचं राहिलं.

सकाळी इलाहीला कागद दिला:
मैदा नऊशे चव्वेचाळीस ग्रॅम.
त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा पद्माकडे बघितलं,
आणि पाटीवर लिहिलं:
मगदूम, किलोला जरा कमी.

मी काही बोललो नाही.
पद्मानं बाह्या वर सारल्या आणि परातीत हात घातला.