झाकण आपटू नये

फुरसुंगीचं यार्ड, शेड नंबर तीन.
दोन डेंटल खुर्च्या, एक पिठाची गिरणी
आणि परवा उचलून आणलेलं झेरॉक्स मशीन.
झाकणावर मार्करनं, ठसठशीत अक्षरात :
'झाकण आपटू नये. मशीन अजून कर्जात आहे.'
नवी पेठेतलं आहे, हे पत्ता न बघताही कळलं.

कर्जदार : इंदुमती दत्तोबा कुदळे.
थकलेले हप्ते : सात.
गल्लीतल्या दोन अभ्यासिका बंद पडल्या,
उरलेली पोरं नोट्स मोबाइलवर वाचायला लागली.
हे लिहायला फॉर्मात रकाना नाही.

दुसऱ्याच दिवशी पासलकर हजर.
मशीनला हात लावला नाही, लांबूनच म्हणाला,
चाळीस. आत्ता. रोख.
गोडांबे साहेब फोनवर : देऊन टाक,
बाकीचे जामीनदाराकडून काढू.
जामीनदार म्हणजे बाईंचा भाऊ,
मार्केट यार्डात तोलणार.

सव्वीस वर्षं मी जप्तीत काढली.
उचलताना दया केली नाही, खोटं कशाला सांगू.
बेल वाजवायची, कागद दाखवायचा, चहा नको म्हणायचा.
पण उचललेली वस्तू आपली होत नाही.
ती सांभाळायला दिलेल्या पोरासारखी,
तिच्या अंगावर ओरखडा उठला
तर विचारणारं कुणीतरी असतं.
चाळीसला दिलं, तर वरचे अठ्ठावीस
त्या भावाच्या तराजूत पडणार
आणि पासलकर हेच मशीन पुसून
महिन्याभरात ऐंशीला लावणार.

म्हणून नोटीस काढली, रजिस्टरनं, पोचपावतीसह :
अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक जागी विक्री होईल,
तोवर पैसे भरून वस्तू सोडवता येईल,
विक्रीला हजर राहता येईल.
पेपरात चार ओळी दिल्या.
सातारा रोडला फोन, हडपसरला फोन,
सासवडला एक कॉलेजचा माणूस आहे, त्याला दोनदा.
मग स्पिरिट आणि जुनं बनियन घेऊन काच पुसायला बसलो.
साहेब आले. हे तुझं काम आहे का?
म्हटलं, मळक्या काचेला बोलीही मळकीच लागते.

झाकणाखाली एक कागद राहिला होता.
दहावीची मार्कलिस्ट. मूळ प्रत.
ढवळे ऋतुजा मारुती, गणितात एकसष्ट.
कॉपी घेऊन गेली पोरगी, अस्सल विसरली.
हा काही आमच्याकडे तारण नव्हता.
यादीत नवी ओळ ओढली : 'इतर वस्तू, एक.'
पाकिटात घालून वर कुदळे बाईंचं नाव टाकलं.

लिलावाला त्या आल्या.
अगदी मागे, पत्र्याला टेकून, पिशवी पोटाशी.
पंचेचाळीस. बावन्न. साठ.
साठावर गाडी अडली.
सासवडवाला विचारतो, ड्रम कधी बदललाय?
मी फाइल चाळतोय, फाइलला कुठलं माहीत.
मागून आवाज :
'दिवाळीत. बिल आहे माझ्याकडे.'
सगळ्या माना वळल्या.
पिशवीतून बिल निघालं, चार घड्यांचं.
चौसष्ट. अडुसष्ट.
पासलकर पान थुंकायला बाहेर गेला.
बहात्तर.

येणे, अडुसष्ट हजार दोनशे दहा.
टेम्पो, हमाली, यार्डभाडं, जाहिरात :
दोन हजार सहाशे चाळीस.
उरले अकराशे पन्नास.
साहेब म्हणाले, एवढ्याशा रकमेसाठी चेक फाडायचा?
मी म्हटलं, त्यांच्याकडून एवढीशी राहिली असती
तर आपण सोडली असती का?

चेक त्यांनी न वाचताच ठेवला.
पाकीट मात्र तिथंच उघडलं.
'दोनदा रडत येऊन गेली हो ही,' म्हणाल्या,
आणि तो कागद बिलाच्या घडीत न घालता
वेगळा, सपाट धरला.

बाहेर सासवडवाला मशीन टेम्पोत चढवत होता.
झाकणावरचं वाचून हसला,
नखानं खरवडायला लागला.
बाई थांबल्या.
'दुसरं वाक्य पुसा,' म्हणाल्या,
'पहिलं राहू द्या.'