खुंट्या

नायट्रोजनची गाडी जालन्यातच बिघडली,
म्हणून रिकामा डबा मांडीवर घेऊन
एसटीनं कंधारला गेले, जनावरांच्या दवाखान्यात.
केंद्रे डॉक्टरांनी वळूच्या कांड्या
दुसऱ्या टाकीत हलवल्या
आणि पाच लिटर थंडी माझ्या डब्यात ओतली.
"कशाला पाहिजे म्हणायलीस?"
एक काळी वडी आहे, म्हटलं. गार झाली की
विजेला अडवत नाही.
"अडवतच नाही?"
अजिबात.
"मग आमच्या फीडरला दे की एक."

त्यांना पुढचं सांगितलं नाही,
की पहिली वडी मी फार शुद्ध केली होती.
अकीकाच्या खलात सहा-सहा तास घोटून,
भट्टी नऊशेचाळीसवर,
लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.
भिंगाखाली कण न् कण ओळीत.
आणि चुंबक जवळ नेला तर
आत शिरलेले भोवरे मोकाट सुटले,
वेसण न घातलेल्या गोऱ्ह्यांसारखे.
ते हलले की वीज तापते, वाया जाते.

भोवरा जागेवर बसायला खोट लागते.
केसाच्या जाडीचे दहा हजार भाग करावेत,
त्यातल्या एकाएवढी.
मोठी झाली तर विजेचीच वाट अडते,
लहान झाली तर भोवरा हिसडा मारून निघतो.
खुंटी दाव्याच्या मापाची हवी:
मला यायला दोन वर्षं लागली,
दवाखान्याच्या अंगणात रांगेला
सगळ्यांनाच माहीत होतं.

या खेपेला झिरकोनियमची पूड टाकली,
चिमूट नाही, चिमटीला चिकटून राहते तेवढी.
वहीत लिहिलं, वडी बिघडवली.
सरांनी खोडून 'सुधारली' केलं.
मी ते पुन्हा खोडलं.

रात्री साडेअकरा, नांदेड.
वाफेत वडी, वर चुंबक अधांतरी.
तेवढं तर मागचीनंही केलं होतं.
मग चिमट्यात धरून सगळं उलटं केलं.
चुंबक पडला नाही.
वडीच्या खाली, बोटभर हवा सोडून,
कशाला तरी बांधल्यासारखा थांबला.

तेवढ्यात लाइट गेली.
वॉचमन हबीबचाचा दारात:
"गिर्‍या क्या?"
अजून नाही. मोजा.
अंधारात ते मोजत राहिले, मोठ्यानं,
चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस.
टक.

मोबाइलच्या उजेडात लिहिलं: बेचाळीस.
मागची वडी: तीन.