पावतीवर नसलेले तीस

“मुंजाजी, पुन्हा पन्नास वाढवलेस की रे,”
नानलपेठेत पहिल्याच दाराला म्हणतात
आणि मी वळून मागं बघतो,
कुणाला म्हणाले म्हणून.

मागं माझा छोटा हत्ती उभा,
टाक्या एकमेकींना खेटून,
खड्ड्याखड्ड्याला टणटणत आलेल्या, आता गप्प.

वाढले म्हणत नाहीत. वाढवलेस म्हणतात.
दारात उभा असतो तो मी,
पावती माझ्या हातात,
वजनकाटा माझ्या खांद्यावर.

रझिया आपा मोबाइल पुढं करते,
बँकेचा मेसेज. वाचून दाखव म्हणते.
मी आकडा वाचतो. ती पुन्हा वाच म्हणते.
“इत्तेच? ये कौनसे चाय के पैसे रे मुंजा?”
मी टाकी आत लोटतो, रबर बघतो,
साबणाचं पाणी लावतो.
फुगा येत नाही.
गळती इथं नाही, आपा.

विद्यापीठाच्या रस्त्याला सुशीलाबाईची मेस.
भरतीच्या पोरांनी वाटी तिरपी करून दाखवली,
“मावशे, वरणात डाळ कामून दिसंना?”
तिनं पळी माझ्यावर रोखली. “ह्याला विचारा.”
मग पोरंच सांगाया लागली.
एक म्हणला, डॉलर. एक म्हणला, दिल्ली.
एक म्हणला, आखातात जहाजं अडकलीत.
एक म्हणला, आपणच. आपलं बोट, आपली शाई.
कोपऱ्यातला चष्मेवाला, तीन वर्षं परीक्षा देतोय,
घास खाली ठेवून म्हणला,
पर्याय चार : वरीलपैकी सर्व.
“सर्व म्हणजे कुणीच नाही, भाऊ,”
सुशीलाबाई म्हणली
आणि दोनच पोळ्या वाढल्या.

एजन्सीत काचेला कागद चिकटवलाय.
नवा दर ठळक आहे,
खालची सही झेरॉक्सची झेरॉक्स होऊन विरलीय.
मालकाला विचारलं तर तो कागदाकडं बघतो.
कागद कुणाकडंच बघत नाही.

तिसऱ्या मजल्यावर केंद्रे बाई.
मला सातवीला व्याकरण ह्यांनीच शिकवलं,
मुळीच आलं नाही.
टाकी उतरवून मी दम खातो तेव्हा त्या विचारतात,
“‘भाव वाढले’, ह्यात कर्ता कोण, मुंजाजी?”
भावच, बाई.
“म्हणजे आपला आपणच वाढला.
आणि ‘मला आता चालवत नाही’?”
मी गप्प.
“भावे प्रयोग. त्यात क्रियापद
ना कर्त्याचं ऐकतं, ना कर्माचं.”
गुडघा चोळत हसल्या.
“गावच्या गाव भावे प्रयोगात गेलंय बघ.”

मग पावतीचे पैसे मोजले,
वर दहाच्या तीन नोटा, वेगळ्या धरून,
आणि वही काढून लिहिलं :
मुंजाजी, जिना, तीस.

अक्षरं मला उलटी होती, तरी वाचता आली.
घरपोच म्हणजे घरपोच,
पावतीत सगळं धरलेलं असतं.
हे तीस काचेवरच्या कागदात नाहीत,
जहाजावर नाहीत, दिल्लीत नाहीत.
मी घेतो.
कर्ता धडधडीत, वाक्याच्या तोंडाशीच.
पुढं गेलेला हात मागं घ्यावा वाटलं,
पण पाठीचा पट्टा घ्यायचा राहिलाय कधीचा.
घेतले.

रात्री बायको म्हणली, आपली टाकी आली आज.
आमच्या गल्लीची लाइन अल्तमशकडं.
“तुमच्यासंगं चहा पितो, तरी तीस घेतले त्यानं.
आपलं घर तर तळमजल्याला!”
कामून दिलेस, म्हणलो नाही.
वजन करून घेतलंस का, एवढंच विचारलं.
“त्याचा काटा मोडलाय म्हणला.”

मी खुंटीवरून माझा काटा काढला,
आकडा अडकवून दोन्ही हातांनी टाकी उचलली.
बायकोनं टॉर्च धरला.
सुई थरथरत राहिली,
थांबेचना.