पाणसळ

माझ्याकडे चेहरे येत नाहीत.
दात येतात, प्लास्टरचे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
सोबत डॉक्टर मार्दोनेसची चिठ्ठी
आणि फेसबोचा काटा, त्यावर मेणात
कुणाच्या तरी वरच्या जबड्याचा ठसा.
काटा मी आर्टिक्युलेटरला अडकवते,
ठशात मॉडेल बसवते, वरून प्लास्टर घालते,
आणि पितळेचा तो वरचा हात म्हणजे
एका माणसाची कवटी, असं धरून चालते.

दोन ओनोफ्रेचे पुढचे सहा दात असेच केले.
टेबलावर सरळ. पाणसळीचा बुडबुडा मधोमध.
तोंडात गेले आणि डावीकडे उतरू लागले,
आमच्या वाल्पाराइसोच्या गल्ल्यांसारखे,
ज्या समुद्र दिसला की थांबत नाहीत.
परत आले. चिठ्ठीत एकच शब्द: तिरके.
पुन्हा केले.
पुन्हा तोच शब्द, आता खाली रेघ मारून.

तिसऱ्यांदा मी पेटी उचलली.
टेकडीवरची लिफ्ट दुरुस्तीला होती.
एकशे बासष्ट पायऱ्या,
पत्र्याची निळी घरं, दोरीवर कुणाचे तरी मोजे,
आणि दार उघडणारा ओनोफ्रे साल्दीविया,
एकतीस वर्षं बंदरातल्या क्रेनवर बसलेला.

दारातच कळलं.
डावा कान खाली. अर्ध्या पेराएवढा.
"जन्मापासून," तो म्हणाला,
"माझ्या टोपीला ठाऊक आहे."
टोपीला ठाऊक होतं, मला नव्हतं.
फेसबोच्या दांड्या कानात घालायच्या
आणि कान म्हणतील ती पूर्व दिशा!

मग कुणाचं ऐकायचं?
कॅम्परची रेषा नाकपुडीपासून निघते
आणि पुन्हा त्याच कानाकडे जाते.
फ्रँकफर्टची कानापासून डोळ्याखालच्या हाडाकडे:
ती कवट्या मोजणाऱ्यांनी ठरवली,
मेलेली माणसं फळीवर एका ओळीत ठेवता यावीत म्हणून.
कवटीला मान नसते. तिला कुणी हाक मारत नाही.
डोळे धरावेत, तर एक बुबुळ जरा वर.
नाकासमोर चालणारा माणूस, म्हणतात;
त्याचं नाक उजवीकडे चाललं होतं.

"खिडकीशी उभे राहा," म्हटलं, "लांब पाण्याकडे बघा."
आइस्क्रीमची काडी दातांत धरायला दिली,
एक डोळा मिटून ती क्षितिजाशी जुळवू लागले.
त्याची मान हळूच डावीकडे कलली.
"सरळ."
काडी न सोडता तो काहीतरी बोलला.
मग काडी काढून नीट बोलला:
"सरळच आहे की. तिकडे जहाजाची फळका असायची."

मी हनुवटी धरून मान सरळ केली.
तो माणूस पासपोर्टच्या फोटोतला झाला.
सोडली, तर परत ओनोफ्रे.
स्वयंपाकघरातून बायको ओरडली,
"मासा थंड होतोय, वाकड्या!"
आणि तो हसला, कललेल्या मानेनं, सहा दात नसलेलं.
मी तेवढ्यात काडीवर पेन्सिलीनं खूण केली.
थोडं त्याचं ऐकलं, थोडं पाण्याचं.
किती कुणाचं, ते मला सांगता येणार नाही.

दात आता टेबलावर आहेत.
डावी बाजू वर, उजवी खाली, उघड वाकडे.
शिकाऊ येर्को ते बघतो,
पाणसळ आणतो, बुडबुडा कडेला पळतो,
आणि तो न बोलता घासायचं यंत्र सुरू करतो.
मी त्याचा हात धरते.
खिशातली काडेपेटी काढते
आणि आर्टिक्युलेटरच्या उजव्या पायाखाली सरकवते.
यंत्र कलतं.
येर्को खाली वाकतो, टेबलाच्या कडेला गाल टेकवून
बराच वेळ बघत राहतो.