एका रात्रीने पुढे

पस्तीस वर्षं मी रशियन शिकवलं
याच खोलीत, याच लाकडाच्या शेगडीशेजारी.
मग राजधानीतून एक कागद आला:
मझेव्हिनारबाई, येत्या सोमवारपासून इंग्रजी.
आणणाऱ्यानं सही घेतली, चहालाही थांबला नाही.

तेव्हापासून मी माझ्या वर्गाच्या
फक्त एका रात्रीने पुढे आहे.
पोरं झोपली की मी स्वयंपाकघरात
उद्याचं अक्षर गिरवते,
आरशात बघून ओठांना वळण लावते,
नवरा म्हणतो, बाई गं, कुणावर फुंकर घालतेस?

गाणं मात्र पहिल्याच दिवशी पुरं शिकवलं.
आमच्याकडे गाणं अर्धं ठेवत नाहीत.
पुस्तकासोबतच्या चकतीवर एकच बारीक आवाज होता;
दुसऱ्या खेपेला लिलेनं आपणहून वरचा सूर धरला,
बाचाना खाली घुमत राहिला घागरीसारखा.
घरी जेवणाच्या मेजावर ऐकतात तेच त्यांनी केलं.
सव्वीस अक्षरं तीन आवाजांत,
जणू कुणाचं लग्नच लागतंय.
मधल्या उतारावर सगळी घसरली,
एल एम एन ओ पी, एका दमात, एकमेकांवर.
गुरुवारी एक हात वर झाला:
बाई, एलेमेनोपी हे कुठलं जनावर?

आमच्या भाषेत क तीन तऱ्हांचे,
एक श्वासातला, एक तुटका, एक घशाच्या तळातला,
आणि तिघांना तीन अक्षरं.
यांच्याकडेही तीन अक्षरं, सी, के आणि क्यू.
आवाज विचारला तर एकच.
तीन दुकानं, माल एक, खातुना म्हणाली.
तिच्या आजोबांचं दुकान आहे, तिला कळतं.

कणकेची अक्षरं केली, शेगडीवर भाजली.
डीला पोट सुटलं. एफ मोडला.
सी सगळ्यांनी खाल्ले, अभ्यास म्हणून.

आज जी.
मोठा जी काढला, शेजारी छोटा.
आमच्या लिपीत लहानथोर नाही,
सगळी अक्षरं एका उंचीची, वेलीच्या तणाव्यांसारखी वळलेली.
म्हणून मी सांगते, हा बाप, हे पोर.
बाचाना बराच वेळ बघत राहिला.
पोर बापावर गेलेलं नाही, म्हणाला.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं
आणि मला खडू शोधायला वाकावं लागलं.

मग पुस्तकात होतं तसं म्हटलं:
जी, जॉर्जिया.
कुठंय ते?
इथंच. आपला देश.
आपला देश तर साकार्तवेलो.
हो, पण इंग्रजीत.
कुणी ठेवलं हे नाव? आपल्याला विचारलं होतं?
हे मी रात्री गिरवलं नव्हतं.
शेगडीत ओलं लाकूड सूं सूं करत होतं.

तेव्हा त्सोत्ने उठला, जो कधी उठत नाही.
दप्तरातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला,
खोक्याचा कापून ठेवलेला, कडा मऊ पडलेल्या.
त्याची आई ब्रुकलिनला एका म्हातारीला सांभाळते,
चार वर्षं झाली.
त्याच्या आखूड बोटानं शेवटच्या ओळीत
एक जी दाखवला, मग दुसरा.
आई हेच लिहिते, म्हणाला,
नाहीतर खोकं पोचत नाही.

कुणी काही बोललं नाही.
मग खातुना म्हणाली, चला, बाहेर काढू या.

अंगणात गुडघाभर बर्फ.
नऊ पोरं एकामागे एक, हात धरून,
मोठा गोल वळसा, मग आत एक पायरी.
वरच्या खिडकीतून स्वयंपाकीणबाई ओरडली,
जरा डावीकडे! सहा दिसतोय!
त्सोत्ने सगळ्यात पुढे होता.
पायरीपाशी तो थांबला, सगळेच थांबले,
आणि बाचानानं खालचा सूर लावला.

संध्याकाळी घरी जाताना बघितलं,
अर्धा जी बुजला होता.
उद्या एच.
म्हणे कधीकधी त्याचा आवाजच होत नाही.
कधी होतो आणि कधी नाही,
ते आज रात्री बघायला हवं.