सही बाकी

आमच्या वाचनालयाच्या अर्जावर दोनच चौकोन.
बाल. प्रौढ.
तन्मेश पावसे पेन धरून
दोन्हींकडे बराच वेळ पाहत राहिला,
लिलावात अनोळखी मासा आला की
बायका पाहतात तसा:
हा कुठल्या वाट्यात टाकायचा?

वय पंधरा. मिसरूड फुटू की नको अशा बेतात.
हर्णै बंदरातून तसाच आलेला,
रबरी बुटांतून बर्फाचं पाणी फरशीवर.
मी म्हटलं, पालकांची सही लागेल.
"बाबा बोटीवर."
मग आईची आण.
"आई लिलावात. हात ओले असतात तिचे."

अर्ज ड्रॉवरमध्ये गेला,
कोपऱ्यात पेन्सिलीनं: सही बाकी.
एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे मी.
त्या ड्रॉवरमध्ये असे किती अर्ज
पिवळे पडलेत, सांगायला लाज वाटते.

बालविभागातल्या खुर्च्या वीतभर उंच,
तो बसला असता तर गुडघे कानाशी.
मोठं टेबल निवृत्तांचं,
तिथे कुणी नवीन खुर्ची ओढली
की पाच पेपर खाली येतात
आणि पाच चष्मे वर.
भिंतीवर शांतता राखा.
त्याखाली पायताणं बाहेर.
त्याखाली मोबाईल, त्याखाली खाणंपिणं.
सगळ्या पाट्या माझ्याच हस्ताक्षरात.
'या'
एवढं एकच अक्षर
मी कुठे लिहिलं नव्हतं.

म्हणून पोरं पायरीवर बसायची.
आत पुस्तकं, बाहेर पोरं,
मध्ये मी, जुडगा घेऊन.

अफशीन परकार पायरीवर थांबली नाही.
दप्तर न उतरवता थेट काउंटरशी आली,
कुलूप लावलेल्या कपाटाकडे बोट केलं:
"सर, ही कोणापासून जपताय?"
वाळवीपासून, म्हणालो.
"वाळवी तर आतच आहे."

होतीच. तिसऱ्या खणात.
एका कादंबरीची शेवटची अकरा पानं
चाळण झालेली.
"हीच द्या," म्हणाली. "शेवट मी करते."

मी काही क्रांती वगैरे केली नाही.
बिजागऱ्यांना खोबरेल लावलं.
संध्याकाळची वेळ आठाची साडेनऊ केली,
कारण लिलाव उरकून, टोपल्या धुऊन, अंघोळ करून
यायला पोरांना आठ वाजतातच.
हे एकवीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही.
मी तरी कुठे विचारलं होतं?

सभेत वझेकाका म्हणाले,
पुस्तकांना मासळीचा वास लागेल.
म्हटलं, लागू दे.
आजवर डांबरगोळ्यांचाच लागलाय.
ठराव तहकूब झाला.
दार तहकूब करता येत नाही,
ते उघडंच राहिलं.

आता गलका असतो. खोटं कशाला बोलू,
कधी कधी डोकं उठतं.
दोन पेपरवाले रागावून गेले.
त्यातले एक परत आले,
चष्म्याची तुटकी कांडी
तन्मेशकडून जोडून घ्यायला.
जाळं शिवायच्या दोऱ्यानं बांधून दिलीय त्यानं,
निळ्या.

अफशीननं तीन शेवट आणलेत.
तिसऱ्यात नायिका मरत नाही, होडी विकत घेते.
मी तिन्ही चिकटवलेत.

आणि अर्जावर पट्टीनं
तिसरा चौकोन आखलाय.
त्याला नाव अजून सुचलेलं नाही.
पोरांनाच विचारलं तर म्हणाली,
राहू दे ना सर, मोकळाच बराय.
सहीच्या जागी माझी सही.
हे नियमात बसत नाही.

परवा तन्मेशचं पुस्तक परत आलं.
पान एकशे बारावर एक खवला,
वाळून काचेसारखा.
नखानं काढायला गेलो
तर त्यातून खालचा शब्द दिसत होता,
जरा थोरला, जरा ओला.
राहू दिला.

कुठला शब्द, ते मी सांगणार नाही.
घेऊन जा, बघा.
साडेनऊपर्यंत उघडं असतं.