विडी घरकुलची पेटी

रात्र कॉलेजच्या सभासदांचं मतदान.
वाचनालयात दोन टेबलं जोडून मोजायला बसलो,
मी आणि लेखनिक गड्डम.
प्रश्न एकच : रात्रीचे वर्ग ठेवायचे,
की तळमजला दुकानांना द्यायचा.

जुळे सोलापूरची पेटी आधी फोडली.
दुकानं. दुकानं. परत दुकानं.
यातले निम्मे इथल्याच बाकांवर
पेंगत पेंगत पदवीधर झालेले.
गड्डम काही बोलला नाही. चष्मा पुसला.

साखर पेठ अर्धी-अर्धी.
अशोक चौकातले लूम थांबवून आले असणार,
मतपत्रिकांवर सुताची लव होती.

विडी घरकुलची पेटी शेवटी.
तिच्यात एक मत असं निघालं :
बारीक गुंडाळलेलं,
तोंड नखानं आत दाबलेलं,
वर लाल दोरा.
"बाद करा," दुकानांच्या बाजूचा पुप्पाल म्हणाला.
गड्डमनं दोरा सोडला,
त्याची आई बांधायची
बरोब्बर त्याच्या उलट.
शिक्का स्वच्छ होता. वर्गांवर.

तरी वर्ग नऊ मतांनी गेले.
पुप्पालनं पेढे मागवले, आम्हालाही दिले,
आम्ही खाल्ले.

निकाल जूनपासून लागू.
साडेसात झाले तसा
गड्डम उठला, बोटाला दोरा तसाच,
आणि घंटा दिली.